मान्सून आला, मग पेरलं का?

मंडळी, जून लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. पुण्याहून, ठाण्याहून, एखादा न्यू जर्सीहून. विचारणारे सगळे आपलेच, मायेनं विचारणारे. "काका, टीव्हीवर दाखवतायत, मान्सून आला म्हणे. झाली का पेरणी?" मी म्हणतो, नाही अजून. पलीकडे जरा शांतता, मग "का हो? पाऊस तर आला ना?" आणि पंधरा-वीस दिवसांनी दुबार पेरणीच्या बातम्या सुरू झाल्या की त्याच मंडळींचा फोन येतो, "हे लोक एवढी घाई का करतात? चार दिवस थांबायला काय होतं?" म्हणजे आधी उशीर का, आणि मग घाई का!

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर फोनवर देता येत नाही. (मी द्यायला लागलो की पाऊण तास जातो, अशी घरातून तक्रार आहे. मास्तरकी गेली तरी तास घ्यायची सवय जात नाही.) म्हणून इथे लिहून ठेवतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना भांडायला सोपं जाईल. सोयाबीनच्या पेरणीचा दिवस चुकतो तो शेतकरी अडाणी आहे किंवा हावरट आहे म्हणून नव्हे. त्याच्या हातात सगळ्या जगाच्या पावसाची बातमी असते आणि स्वतःच्या रानात किती पाऊस पडला याचा आकडा मात्र नसतो, म्हणून चुकतो.

आता "मान्सून आला" म्हणजे काय ते पाहू. हवामान खातं केरळात मान्सून जाहीर करतं त्याला नियम आहेत. केरळ, लक्षद्वीप आणि मंगळूरकडची मिळून १४ केंद्रं ठरलेली आहेत. १० मे नंतर त्यातल्या ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला, शिवाय वारे आणि ढग यांच्या अटी पुऱ्या झाल्या, की मान्सून दाखल. शास्त्र म्हणून हे अगदी योग्य आहे. वारे फिरले का, हे त्यांना सांगायचं असतं, आणि ते सांगतात. पण अडीच मिलिमीटरमध्ये आमच्या औसा तालुक्यातल्या काळ्या रानातलं ढेकूळसुद्धा आतून ओलं होत नाही. वाऱ्याची बातमी आणि ओलीची बातमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण टीव्हीवर नकाशातली निळी रेघ वर सरकली की दोन्ही एकच वाटायला लागतात.

२०२५ सालचं घ्या. २४ मे ला केरळात, दुसऱ्या दिवशी कोकणात आणि २६ मे ला मुंबईत मान्सून जाहीर झाला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. इतक्या लवकर तो मुंबईत आल्याची नोंद त्याआधी नव्हती. मे महिन्यात मराठवाड्यातही पाऊस झाला, उन्हाळी मशागत राहून गेली, आणि सगळीकडे एकच गजर, यंदा लवकर! मग गाडी अडली. जूनचा मध्य येईपर्यंत पाऊस पुढे सरकेना. कृषी खातं सांगत होतं, घाई करू नका. याच्या उलट २०२३. केरळात ८ जूनला आला, मुंबईत पोचायला २५ जून उजाडला, आणि दिल्लीतही त्याच दिवशी पोचला. मुंबई आणि दिल्ली एकाच दिवशी, हे त्याआधी १९६१ साली घडलं होतं. दोन वर्षांत एकाच शहराच्या तारखेत एक महिन्याचा फरक! कॅलेंडर भिंतीवर टांगून पेरणी ठरवायचे दिवस कधी होते कोण जाणे, आता तरी ते नाहीत.

मृगाचंही तसंच. (थोडं विषयांतर होतंय, पण राहवत नाही.) आमच्याकडे मिरग निघाला की पेरणीची तयारी, हे आज्यापणज्यापासून चालत आलंय. मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात शिरतो, साधारण ७-८ जूनला. पण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे ऋतूंच्या मानानं हे नक्षत्र सुमारे ७२ वर्षांत एक दिवस उशिरा येतं. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते साल १२९०. तेव्हापासूनचा हिशेब केला तर दहा दिवस होतात. म्हणजे आजच्या तारखांत बोलायचं तर माउलींच्या काळात मृग मे महिना संपायच्या आतच निघत होता! पंचांगात वाहन बेडूक आहे का म्हैस, हे वाचायला मलाही आवडतं. पण पेरणीची तारीख त्यावर ठरवू नये.

बरं, मग कशावर ठरवायची? कृषी विद्यापीठांचा सल्ला सगळ्यांना पाठ आहे, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरा, जमिनीला वापसा आल्यावर पेरा. तो का, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आणि कारण कळल्याशिवाय सल्ला पाळला जात नाही, हा माझा चाळीस पोरांच्या वर्गातला अनुभव.

सोयाबीनचं बी मोठं नाजूक. वरचं टरफल पातळ, आत तेल आणि प्रथिनं भरलेली. उगवण्यासाठी त्याला स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी शोषावं लागतं. मक्याला तिसरा हिस्सा पुरतो. अर्धवट ओलीत टाकलं तर ते फुगतं, पण अंकुर बाहेर काढण्याइतकं पाणी मिळत नाही, आणि मग चार दिवस ऊन पडलं की ते तिथेच कुजतं. कोरड्या मातीत पडलेलं बी निदान पावसाची वाट तरी पाहतं. फुगलेल्या बियाला परत सुकून वाट पाहता येत नाही. म्हणून कापसाची धूळपेरणी ज्यानं जन्मभर केली, त्याचाही हात सोयाबीनला फसतो.

दुसरं म्हणजे ते उगवतं कसं पाहा. ज्वारी सुईसारखी माती भेदून वर येते. सोयाबीन मान वाकवून येतं, आणि स्वतःच्या दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन. त्या वाकलेल्या मानेला वरची माती ढकलायची असते. पेरल्यावर जोराचा पाऊस झाला आणि लगेच ऊन तापलं की काळ्या मातीवर पापडी धरते. त्या पापडीखाली मान मोडते. बी दीड-दोन इंचांच्या खाली गेलं तरी तेच. तीन ते चार सेंटिमीटर खोल, यापेक्षा जास्त नको, असं सांगतात ते याच्यासाठी. पूर्वी तिफणीमागे चालणाऱ्या बाईला चाड्यावर मूठ धरताना खोलीचा अंदाज पायाला कळायचा. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला तो मागं वळून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि त्याला दिवसात वीस एकर उरकायचे असतात.

आता शंभर मिलिमीटर म्हणजे नक्की किती? एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला की चार हजार लिटर पाणी झालं. शंभर मिलिमीटर म्हणजे चार लाख लिटर, दहा हजार लिटरचे चाळीस टँकर एका एकरात! एवढं पाणी कशाला, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण उन्हाळ्यात आमच्या रानाला हात जाईल अशा भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली जातो. वरची वीतभर माती एकसारखी भिजून, भेगा मिटून, खालची आणि वरची ओल एकमेकीला भेटायला तेवढा पाऊस लागतो. माळाच्या हलक्या जमिनीला कमी पुरतो, पण ती दोन उन्हांत सुकतेही. म्हणजे आकडा एकच असला तरी प्रत्येक रानाचा त्याचा अर्थ वेगळा. आणि मे महिन्यातला पाऊस त्या बेरजेत धरायचा का? मधे पंधरा दिवस कडक ऊन गेलं असेल तर तो मुळीच धरू नये, असं मला वाटतं. शंभरची बेरीज परीक्षेच्या गुणांसारखी तुकड्या-तुकड्यांनी करायची नसते. कुदळ घेऊन वीतभर उकरायचं, माती मुठीत दाबायची. गोळा झाला आणि हात बरबटला तर अजून वापसा नाही. गोळा झालाच नाही तर ओल नाही. गोळा होऊन बोटानं टोकरला की फुटला, तर पेरा.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग थांबावं की हो निवांत, चांगला पाऊस होईपर्यंत! इथेच खरी अडचण आहे, आणि "थांबायला काय होतं" म्हणणाऱ्यांना ती दिसत नाही.

सोयाबीन दिवसाची लांबी मोजतं. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी हे जगापुढे मांडलं. वॉशिंग्टनजवळच्या शेतात त्यांनी बिलोक्सी नावाचं सोयाबीन मे महिन्यापासून थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानं पेरत नेलं. अपेक्षा अशी की आधी पेरलेलं आधी फुलेल, मागाहूनचं मागाहून. पण सगळी रोपं सप्टेंबरातच फुलांवर आली! मे मध्ये पेरलेली चार महिने वाढून, आणि जुलैतली जेमतेम दोन महिने वाढून. दिवस लहान व्हायला लागल्याचं झाडाला कळतं आणि ते फुलायला घेतं, मग अंगानं वाढलेलं असो की नसो. आपले वाण बिलोक्सीइतके हट्टी नाहीत, आणि लातुरात दिवस फार लहानमोठा होतही नाही. २१ जूनलाही तो सव्वातेरा तासांच्या आसपासच. तरी स्वभाव तोच. जुलैच्या मध्यानंतर पेरलेलं सोयाबीन बुटकं राहतं, फांद्या कमी, शेंगा कमी. जणू दहावीच्या परीक्षेची तारीख ठरलेली आहे, तुम्ही शाळेत केव्हा आलात याच्याशी बोर्डाला देणंघेणं नाही. म्हणून १५ जुलैच्या आत पेरणी आटपा, असं विद्यापीठं सांगतात.

तर खिडकी किती उरली? पाऊस जूनच्या मध्यावर पुरेसा झाला तर चार आठवडे. जूनअखेर झाला तर दोन. २०१४ साली आमच्याकडे जून कोरडा गेला आणि लोकांनी जुलैत पेरलं. तेव्हा विचार करायला दिवसच नव्हते.

त्यात ट्रॅक्टर. माझ्या पुतण्याचं चार एकर आहे, स्वतःचं बैल नाही की ट्रॅक्टर नाही. गावात ट्रॅक्टर मोजके. पाऊस पडला की सगळ्यांना एकाच दिवशी वापसा येतो आणि सगळे एकाच माणसाच्या दारात. एका जूनमध्ये तो मला म्हणाला, "काका, तुमचं समदं खरंय. पर ट्रॅक्टरवाला म्हणतोय आज न्हाईतर मग आठ रोजानं. आठ रोजानं वल ऱ्हाईल का, सांगा तुम्ही." काय सांगणार? त्याच्या रानात किती पडला, हे ना त्याला माहीत ना मला. त्याच्या मुठीत मातीचा गोळा होत होता, पण मोडायला घेतला की भुगा. मी म्हटलं, थांब. तो थांबला नाही, आणि मला त्याचा राग आला नाही. त्यानं एकरी तीस किलोप्रमाणे एकशेवीस किलो बी पेरलं. ते उधारीवर आणलेलं, पैसे दिवाळीत द्यायचे. उगवलं निम्मं. मग प्रश्न असा की विरळ ठेवायचं की मोडून पुन्हा पेरायचं. मोडायचं म्हणजे पुन्हा बियाणं, पुन्हा ट्रॅक्टर, आणि तीन आठवडे गेलेले. त्यानं दोन एकर मोडलं, दोन ठेवलं. त्या वर्षी सोयाबीननं त्याच्या हातात काही ठेवलं नाही, उधारी तेवढी फिटली.

शहरातल्या माणसाचा पगार एक तारखेला होतो. इथे वर्षाच्या पगाराची तारीख जूनमधल्या एका दुपारी, दारात ट्रॅक्टर उभा असताना, पाच मिनिटांत ठरवायची असते. त्याला हाव म्हणू नका.

बरं, वेळेवर पेरूनही सगळं निभतं असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. शंभर-एकशेपाच दिवसांचा वाण १५ जूनला पेरला की सप्टेंबरअखेर काढणीला येतो, म्हणजे हस्ताच्या पावसात सापडायची भीती. २०१९ च्या ऑक्टोबरात शेंगा झाडावरच कोंबारल्या. आणि त्याची शिक्षा पुढच्या वर्षीही भोगावी लागली. त्या भिजक्या पिकातून बियाणं कमी आणि कमअस्सल निघालं, आणि २०२० च्या जूनमध्ये राज्यभर सोयाबीन उगवलंच नाही म्हणून तक्रारींचा ढीग पडला. २०२३ चा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट, आणि नेमका फुलं-शेंगांचा काळ. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आले, उभी रानं पाण्यात. यातलं काहीच पेरणारा टाळू शकत नव्हता. म्हणूनच मला वाटतं, जी एक गोष्ट आपल्या हातातली आहे ती तरी बातम्यांच्या भरवशावर सोडू नये.

थोडी सोय वाणांतही आहे. जबलपूरचा जेएस ३३५ हा १९९४ पासूनचा जुना सोबती, परभणीचे एमएयूएस मालिकेतले, राहुरी विद्यापीठाचा फुले संगम. यांचे दिवस सारखे नाहीत. उशीर झाला तर जेएस ९५-६० सारखा नव्वद दिवसांच्या आत येणारा घ्यावा, फुले संगमसारखा लांबणारा नको. पण बियाणं मे महिन्यातच आणून पडलेलं असतं, जूनमध्ये बदलून कोण देतो? म्हणून घरचं बी राखा, असं मी पुतण्याच्या मागं लागलो आहे. सोयाबीन स्वतःच्याच परागावर फळतं, घरचं बी तीन वर्षं वापरता येतं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, आठवड्यानं मोजायचे, सत्तर उगवले की चांगलं. बी घरचं असलं की निदान थांबायची हिंमत येते.

आता आकड्याचं. सरकारनं महसूल मंडळाला एक अशी दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत. चांगलं काम आहे. पण एका मंडळात कितीतरी गावं. जूनचा वळिवासारखा पाऊस शिवाराच्या एका अंगाला झोडपतो आणि दुसरीकडे धूळ. मी भूगोल शिकवायचो तेव्हा वाड्या-वस्त्यांवरच्या पोरांना सरळ बाजूंचे पत्र्याचे डबे दिले होते. तळ आणि तोंड सारख्याच मापाचं हवं, एवढी एकच अट. उघड्या रानात ठेवायचा, झाड किंवा भिंत जवळ नको, सकाळी पट्टी घालून मोजायचं, लिहायचं, ओतून द्यायचं. दहा मिलिमीटर म्हणजे एक सेंटिमीटर, पट्टीवर वाचता येतो. एकाच सकाळी एका वस्तीवरून ३२ आणि दुसरीवरून ९ असे आकडे आले, तेव्हा पोरं एकमेकांना खोटारडं म्हणत भांडली होती. दोघंही खरं बोलत होती. मंडळाच्या केंद्रावर त्या दिवशी जे काही लागलं असेल ते या दोघांपैकी एकाच्या बापाला नक्की फसवणारं होतं.

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक गावात, शिवाराच्या चार दिशांना चार, असे पर्जन्यमापक हवेत. महागडे नकोत, डबे चालतील. आकडे रोज सकाळी पारावरच्या फळ्यावर लिहिले जावेत, ७ जूनपासूनची बेरीज खाली. मधे आठ-दहा दिवस उघाड गेली की बेरीज पुसून नव्यानं सुरू. टीव्हीवाल्यांनी मान्सूनचा नकाशा दाखवावा, पण "पेरणीला वेग" असली ओळ त्याखाली टाकू नये. आणि ट्रॅक्टरवाल्यांनी, त्यांचंही पोट आहे मान्य, पण फळ्यावरची बेरीज पाहून त्या-त्या बाजूचे नंबर लावावेत. ज्या अंगाला ७५ च्या वर गेला तिकडे आधी जावं. चार गावांतले लोक मला म्हणाले, गुरुजी, हे शाळेकडे द्या, पोरं मोजतील. पोरांनी जरूर मोजावं. पण जूनच्या मध्यापर्यंत शाळांना सुट्टी, आणि वही शाळेच्या कपाटात ठेवली तर शिक्षकाची बदली झाली की वही गेली, हे मी पाहिलं आहे. ती वही ग्रामपंचायतीत, सगळ्यांना दिसेल अशी, खिळ्याला दोरी बांधून टांगलेली हवी.